गॅसचा ओव्हन नीट तापत नसेल तर दोष कसा शोधावा

नाशिकमध्ये घरून केक आणि बिस्किटे करून देणाऱ्या अनेक जणी, तसेच पावाच्या लहान बेकऱ्या, आजही गॅसच्या ओव्हनवर काम करतात. केक मध्ये कच्चा राहू लागला किंवा नानकटाई तळाशी करपू लागली की पहिला संशय बहुधा थर्मोस्टॅटवर, म्हणजे ओव्हनचे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणाऱ्या भागावर, घेतला जातो. हा भाग स्वस्त नसतो, तो बदलण्यासाठी ओव्हन उघडावा लागतो, आणि मूळ दोष गॅसच्या पुरवठ्यात, बर्नरमध्ये किंवा दाराच्या फटीत असेल तर नवा थर्मोस्टॅट बसवूनही तक्रार तशीच राहते. म्हणून आधी तापमान मोजावे, मग ज्योत पाहावी, त्यानंतर दार आणि हवेचा मार्ग तपासावा आणि थर्मोस्टॅटकडे सर्वांत शेवटी वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

यांपैकी काहीही करण्याआधी गॅसगळती नाही याची खात्री करून घ्यावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे ओट्याखाली वाकून वास घ्यावा आणि नळीच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

मोजमापासाठी नॉबवरच्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. ओव्हनमध्ये ठेवता येणारा स्वतंत्र थर्मामीटर हवा. तो प्रोबचा (तारेच्या टोकाला मोजणारी सळई असलेला) डिजिटल असेल, तर त्याचीही परीक्षा घेता येते: बर्फ विरघळत असलेल्या पाण्यात त्याने ० अंश दाखवावेत आणि खळखळ उकळत्या पाण्यात सुमारे ९८ अंश. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते. त्यामुळे ९८ हा आकडा दिसला म्हणून थर्मामीटर सदोष ठरवू नये. मग थर्मामीटर मधल्या जाळीच्या मध्यभागी ठेवून नॉब १८० वर लावावा, अर्धा तास दार न उघडता ओव्हन तापू द्यावा आणि त्यानंतर तासभर दर १० मिनिटांनी आकडा लिहून घ्यावा. शक्यतो काचेतून वाचावा, कारण दार उघडताच आतले तापमान झपाट्याने उतरते. गॅसच्या ओव्हनमध्ये तापमान थोडे वर-खाली होत राहणे स्वाभाविक आहे. एखादा सुटा आकडा न पाहता सर्व आकड्यांची सरासरी काढावी.

ही सरासरी अपेक्षेपेक्षा १० ते १५ अंशांनी सतत कमी किंवा सतत जास्त येत असेल, तर तो बिघाड मानण्याचे कारण नाही. फरक लक्षात घेऊन नॉब पुढे-मागे लावला की काम भागते. फरक ३० अंशांहून अधिक असेल, किंवा आकडा कोठेही स्थिर न होता चढत अथवा घसरतच राहत असेल, तर मात्र पुढची तपासणी करावी.

उष्णता सर्वत्र सारखी पोहोचते का, हे पाहण्याचा सोपा मार्ग नाशिकच्या प्रत्येक घरी सापडतो. मिसळीसाठी आणलेले पाव आडवे कापून त्यांच्या अर्ध्या फाका, कापलेली बाजू वर करून, संपूर्ण जाळीवर पसराव्यात आणि १८० अंशांवर त्या तांबूस होईपर्यंत ठेवाव्यात. कोणत्या कोपऱ्यातला पाव आधी भाजला आणि कोणता पांढराच राहिला, यावरून दोष कोणत्या बाजूस आहे ते स्पष्ट दिसते. मागची रांग करपली आणि दाराजवळची फिकी राहिली, तर दाराच्या फटीची शंका घ्यावी. एकच बाजू थंड राहिली, तर त्या बाजूची बर्नरची छिद्रे तुंबलेली असण्याचा संभव अधिक असतो.

आता ज्योतीकडे पाहावे. ती निळी, स्थिर आणि बर्नरच्या संपूर्ण लांबीवर सारखी असावी. ज्योत पिवळी असेल, फडफडत असेल किंवा भांड्यांवर व भिंतींवर काजळी धरत असेल, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. बेकरीत उडणारे पीठ आणि घरी बरेच दिवस बंद राहिलेल्या ओव्हनमध्ये शिरलेल्या मुंग्या किंवा कोळ्याची जाळी, ही याची नेहमीची कारणे आहेत. बर्नर पूर्ण थंड झाल्यावर आणि गॅस बंद करूनच मऊ ब्रशने छिद्रे साफ करावीत. जेटच्या, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीच्या, छिद्रात सुई किंवा तार कधीही घालू नये. ते छिद्र किंचितही मोठे झाले तर गॅस प्रमाणाबाहेर येतो. पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. या वायूला वास नसतो, त्यामुळे दोष दूर होईपर्यंत ओव्हन वापरू नये आणि थंडीतही स्वयंपाकघराची खिडकी लावून घेऊ नये.

ज्योत निळी असूनही बुटकी असेल तर पुरवठा तपासावा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे १० अंशांखाली जातो, निफाडकडे तर आणखी उतरतो. अशा थंडीत सिलिंडरमधल्या द्रवाची वाफ हळू होते आणि बर्नर तासन्‌तास मोठा चालला की सिलिंडर स्वतःच गार पडून दाब घटतो. सिलिंडरच्या खालच्या भागावर दव धरलेले दिसले तर ही खूण ओळखावी. सिलिंडरवर गरम पाणी ओतणे, तो आडवा करणे किंवा शेगडीजवळ सरकवणे हे उपाय धोक्याचे आहेत. बेकरीत १९ किलोचे दोन सिलिंडर अधिकृत जोडणीने एकत्र चालवणे हाच योग्य मार्ग आहे. रेग्युलेटरही योग्य हवा: हॉटेलातल्या मोठ्या भट्टीसाठीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर घरगुती ओव्हनला लावणे सर्वथा चुकीचे आहे. ज्यांच्याकडे नुकताच पाइपचा गॅस आला आहे, त्यांनी ओव्हनचे जेट बदलले आहेत का, हे आवर्जून विचारावे. नैसर्गिक वायूची उष्णता आकारमानाच्या मानाने एलपीजीपेक्षा बरीच कमी असल्याने जुन्या जेटवर ज्योत मंदच राहते. हे काम कंपनीच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

दाराची तपासणी थोडक्यात होते. थंड ओव्हनच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निसटली तर तेथील रबरी कड निकामी झाली आहे किंवा बिजागरी सैल आहे. तसेच ओव्हनच्या तळाशी फॉइल अंथरू नये, कारण गरम हवा ज्या फटींतून वर येते त्या त्यामुळे झाकल्या जातात. ट्रे आणि भिंत यांच्यात चारही बाजूंनी निदान दोन बोटे जागा सोडावी.

एवढे सारे ठीक निघाले, तरच थर्मोस्टॅटचा विचार करावा. आतल्या भिंतीलगत एका बारीक नळीच्या टोकाला त्याचा लांबट बल्ब असतो. ठरलेले तापमान गाठले की थर्मोस्टॅट ज्योत बारीक करतो. बल्ब क्लिपमधून निसटून धातूला टेकला असेल, तर त्याला हवेचे खरे तापमान कळत नाही; तो अलगद जागी बसवावा, मात्र नळीला घडी पडू देऊ नये. ज्योत कधीच बारीक होत नसेल आणि ओव्हन तापतच जात असेल, तर नळीतला द्रव गळून गेला असण्याची दाट शक्यता असते आणि मग थर्मोस्टॅट बदलावाच लागतो. उलट, ज्योत बारीक होताच विझत असेल, तर बायपासचा (बारीक ज्योतीपुरता गॅस सोडणाऱ्या वाटेचा) स्क्रू जास्त आवळला गेलेला असतो किंवा ज्योत विझताच गॅस बंद करणारा थर्मोकपल कमजोर झालेला असतो. हे दोन्ही भाग गॅसच्या मार्गातले आहेत, म्हणून तेथे स्वतः पाना लावू नये. मेकॅनिकला आपण लिहून ठेवलेले तापमानाचे आकडे दाखवावेत आणि दुरुस्तीनंतर तीच तासाभराची मोजणी त्याच्यासमोर पुन्हा करून घ्यावी.