अडगळीतला जुना स्केटबोर्ड चालता करायचाय? मग आधी पॉलिश पेपर लांब ठेवा

जुना बोर्ड हातात आला की सगळ्यात आधी तो चकाचक करायची घाई होते, आणि बरेचसे जुने बोर्ड तिथेच संपतात. पॉलिश पेपर घेऊन बसलं की अर्ध्या तासात डेक, म्हणजे उभं राहायची फळी, नवा दिसायला लागतो खरा, पण त्यावरचं चित्र, कंपनीचा छाप, आधीच्या माणसाच्या पायाने झिजलेली जागा सगळं भुकटी होऊन खाली पडलेलं असतं. चाकं परत मिळतात, बेअरिंग मिळतात, शोधलं तर ट्रकही (चाकं धरणारा खालचा धातूचा भाग) मिळतो, छाप मात्र गेला की गेला. म्हणून मी एकच नियम पाळतो: जे झिजायलाच बनवलंय ते बिनधास्त बदलायचं, ज्याच्यावर बोर्डचं आयुष्य उमटलंय त्याला हात लावायचा नाही, आणि काढलेला प्रत्येक तुकडा पिशवीत घालून, वर लिहून ठेवायचा.

खोलायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, वॉशर कुठल्या क्रमाने लागलेत तेसुद्धा फोटोत दिसू दे. मग बोर्ड साधारण कधीचा आहे ते बघा, कारण पुढची सगळी कामं त्यावर ठरतात. लोखंडी किंवा क्लेची चाकं असतील तर बोर्ड बहुतेक 1960 च्या दशकातला. युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकची, चाकं स्केटबोर्डवर आली ती फ्रँक नॅसवर्दीमुळे, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅडिलॅक नावाने, आणि तिथून सगळा खेळच बदलला, कारण क्लेचं चाक छोट्याशा खड्याला अडून जागीच थांबायचं आणि माणूस पुढे उडायचा. शेपूट वर वळलेली असेल, म्हणजे किकटेल, तर त्याचं श्रेय मकाहा या बोर्ड कंपनीच्या लॅरी स्टीव्हन्सनला जातं. 1970 च्या दशकात तर ॲल्युमिनियम, फायबरग्लास, पॉलिप्रॉपिलीन, अख्खं ओक असं काय काय वापरून बघितलं लोकांनी, आणि मला तरी हेच विचित्र बोर्ड सगळ्यात जास्त आवडतात, कारण बोर्ड कसा असायला हवा हे तेव्हा कोणीच पक्कं ठरवलेलं नव्हतं.

आता भोकं मोजा. जुन्या डेकवर ट्रकची भोकं लांबीत 2.5 इंचांवर असतात, हल्लीच्या डेकवर 2.125 इंचांवर, रुंदी दोन्हीकडे 1.625 इंचच. नवा ट्रक घेऊन आलात आणि बसला नाही तर म्हणून डेकला नवीन भोकं पाडू नका प्लीज, सहा भोकांची बेसप्लेट (ट्रकचा डेकला लागणारा भाग) असलेले ट्रक मिळतात ते दोन्हीला चालतात. 1960 च्या बोर्डांना आरपार बोल्ट नसतातच बऱ्याचदा, खालून लाकडी स्क्रू मारलेले असतात आणि ते भोकात सैल झालेले असतात. तिथे जाड स्क्रू घातला तर लाकूड रेषेत उभं फाटतं. त्यापेक्षा टूथपिकला लाकडाचा गोंद लावून भोकात बसवायची, वाळली की कापायची आणि तोच जुना स्क्रू हाताने हळू पिळायचा.

डेक पेलणार की नाही हे उभं राहून बघायचं नाही. दोन्ही टोकांखाली जाड पुस्तकं ठेवा आणि मध्यभागी तळहातांनी दाबत जा, कान लावून. लाकूड थोडं वाकून परत आलं तर ठीक, कर्र असा आवाज आला किंवा ट्रकच्या बोल्टांजवळ केसाएवढी चीर दिसली तर तो भिंतीवर लावा, त्यात काही कमीपणा नाही. प्लायचे थर सुटले असतील तर फटीत गोंद भरून क्लॅम्प लावून एक अख्खा दिवस सोडा. फायबरग्लास मात्र घासूच नका, त्याची धूळ छातीत जाते, ओल्या फडक्याने पुसा, बास.

ट्रकला वेळ द्या, खरी मजा इथेच आहे. हल्लीच्या स्केट टूलला तीन मापं असतात, किंगपिनच्या (ट्रकच्या मधल्या जाड बोल्टच्या) नटाला 9/16 इंच, ॲक्सलला 1/2, डेकच्या बोल्टला 3/8, पण जुन्या ट्रकला ती लागतीलच असं नाही, त्यामुळे साध्या पान्यांचा सेट जवळ असू दे. नट गंजला असेल तर जोर लावू नका, गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवा. माझ्याकडच्या एका फायबरग्लास बोर्डाचा किंगपिनचा नट असाच दुसऱ्या दिवशी सुटला आणि हँगर (ॲक्सल धरणारा ट्रकचा आडवा भाग) उचलला तर खालच्या बुशिंगचा, म्हणजे ट्रकला वळू देणाऱ्या रबरी चकतीचा, वाळलेल्या साबणासारखा चुरा झालेला, नखाने दाबलं की तुकडा पडत होता, वरचं बुशिंग मात्र दगडासारखं घट्ट. पिव्होट कपची (हँगरचं टोक ज्यात टेकतं त्या छोट्या वाटीची) तर नुसती काळी रिंग उरली होती, ती टाचणीने खरवडून काढावी लागली. असा ट्रक वळतच नाही, आणि लोकांना वाटतं बोर्डच खराब आहे. बुशिंग आणि पिव्होट कप नवीन घाला, पण जुन्याची उंची आधी मोजून लिहून ठेवा, सगळ्या ट्रकना एकच बुशिंग बसत नाही. बेनेट कंपनीचे सुरुवातीचे हायजॅकर ट्रक असतील तर बेसप्लेट नीट बघा, ती प्लॅस्टिकची आहे आणि तुटण्यासाठीच ओळखली जाते. नट-बोल्टांचा गंज काढायला व्हिनेगर चालतं, पण ते झिंकचा मुलामाही खातं आणि ॲल्युमिनियमलाही लागतं, म्हणून हँगर त्यात बुडवायचा नाही.

बेअरिंगचं दोन प्रकारे बघावं लागतं. सीलबंद असेल तर ते बहुतेक 608, म्हणजे आतून 8 मिमी, बाहेरून 22, जाडी 7. झाकण काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवा, पूर्ण वाळू द्या, मग पातळ तेलाचे दोन थेंब. नाहीतर सरळ नवीन घाला, हा झिजायचाच भाग आहे. पण 1970 च्या दशकाच्या मध्याच्या आधीची चाकं असतील तर आत सुटे छर्रे असतात. पहिल्यांदा असं चाक मी उघड्या फरशीवर खोललं, कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) सुटला आणि छर्रे चारही दिशांना, दोन शेवटपर्यंत सापडलेच नाहीत आणि त्या मापाचे मिळेपर्यंत ते चाक तसंच पडून राहिलं. तेव्हापासून खाली जाड टॉवेल आणि बाजूला चुंबक असतंच. बसवताना चाकातल्या छर्ऱ्यांच्या कपात ग्रीस भरा, छर्रे त्यात आपोआप चिकटून बसतात, मग कोन घट्ट करत जा आणि चाकाची लटलट संपली की थोडासा उलटा फिरवा, सायकलच्या हबला करतात तसंच.

जुनी युरेथेन चाकं पिवळी पडून कडक होतात, काही चिकट होतात, काहींचे कोपरे तुटून पडतात. ती काढून ठेवा आणि फिरवायला वेगळी घाला, 78ए ते 85ए मधली (हे कडकपणाचं माप, आकडा कमी तितकं चाक मऊ) मऊ, 60 मिमीच्या आसपासची, खडबडीत जागेवरही छान चालतात. फक्त चाक डेकला घासतंय का बघायचं: चाकावर खडू फासा, बोर्डवर उभं राहून एका बाजूला पूर्ण झुका, मग उलटा करून बघा. डेकला खडू लागला असेल तर ट्रक आणि डेकच्या मध्ये रायझर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, घाला, 1/8 इंचाने सुरुवात करा. हे टाळलंत तर वळणावर चाक लॉक होऊन तोंडावर पडाल, म्हणून खडूचा प्रयोग कराच.

डेकवरची खरखरीत ग्रिप टेप जुनी असली तरी धरून असेल तर राहू दे. काढायचीच असेल तर हेअर ड्रायरने गरम करत, कोपऱ्यातून, सावकाश. 80 च्या दशकातल्या बोर्डांना खाली रेल (कडेच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) आणि मागे टेल गार्ड (शेपटीचं संरक्षण करणारं आवरण) असतात, तेही काढू नका, त्यांच्यावरचे ओरखडेच तर बघण्यासारखे असतात.

आता चालवायचा कुठे? ऑलिम्पिकमुळे स्केटपार्कची चर्चा खूप वाढली, 2021 मध्ये टोकियोत मोमिजी निशियाने 13 व्या वर्षी स्ट्रीट या स्केटबोर्डिंग प्रकाराचं सुवर्ण घेतलं आणि स्पर्धेच्या मापाचे उंच, उभ्या भिंतींचे पार्क बघायला मिळाले. जुन्या बोर्डाला ते झेपत नाही. त्याला हवा उथळ, लांब उताराचा पार्क, ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बनीच्या 1976 च्या स्नेक रनसारखा, म्हणजे सापासारख्या वळणावळणाच्या उतारासारखा. जुन्या पार्कांची बातमी आली की मी नेहमी नीट वाचतो, कारण तिथेही हाच मूळचं जपायचं की नवं करायचं हा प्रश्न असतो. इंग्लंडमध्ये हॉर्नचर्चच्या 1978 च्या रॉम नावाच्या स्केटपार्कला 2014 मध्ये संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. अमेरिकेतल्या टँपा शहराचा ब्रो बोल हा जुना स्केटपार्क मात्र 2013 मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत जाऊनही पाडला गेला आणि जवळच त्याची नक्कल उभी राहिली. नक्कल मापात बरोबर असेलही, पण इतक्या वर्षांच्या चाकांनी गुळगुळीत केलेलं काँक्रीट त्यात कुठून येणार.

पहिल्या दिवशी सपाट जागेवर दहा मिनिटं चालवा, मग उतरून सगळे नट परत तपासा. जुन्या लाकडात बोल्ट थोडे खाली बसतात आणि एक-दोन नट सैल झालेले असतातच, ते आवळले की मगच उताराकडे जा.