नोरिल्स्कची लाल नदी बघण्याआधी वाघोलीची खाण बघा

सायबेरियातलं नोरिल्स्क हे निकेल-तांब्याचं गाव. उरलेल्या रशियातून तिथे रस्ता जात नाही आणि परदेशी माणसाला परवाना लागतो. पुण्यात बसून मात्र ते उपग्रहाच्या चित्रांतून फुकटात बघता येतं. आधी ओळखीच्या खड्ड्यावर नजर बसवून घ्या.

संगणकावर गूगल अर्थ प्रो उतरवा आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींवर जा. वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबलं की जुनी चित्रं मिळतात. दोन वेगळ्या वर्षांची चित्रं लावा आणि खाणीची कड कुठवर सरकली ते तिथल्याच मोजपट्टीने मोजा. क्रशरभोवतीची पांढुरकी धूळ आणि खड्ड्यात साचलेलं पाणी, दोन्ही ओळखायला शिका. नगर रोडने जाता-येता हे पाहिलेलं असतं, त्यामुळे चुकलात तर लगेच कळतं.

आता कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट उघडून सेंटिनेल-२ उपग्रह निवडा. इथे चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, म्हणजे डंपर दिसणार नाही, खाण दिसेल. पुण्यासाठी डिसेंबर ते एप्रिल बरा. पावसाळ्यात नुसते ढग हाती लागतात. नोरिल्स्कचं उलटं. भर हिवाळ्यात तिथे सूर्यच उगवत नाही, म्हणून उन्हाळाच धरायचा.

नोरिल्स्क शोधून २३ मे आणि १ जून २०२० ही चित्रं शेजारी लावा. मधे, २९ मे रोजी, वीजकेंद्राची टाकी फुटून सुमारे २१,००० टन डिझेल सांडलं होतं. शहराच्या पश्चिमेला अंबार्नाया नदी शोधा: आधीच्या चित्रात नसलेला लाल पट्टा नंतरच्या चित्रात आहे.

पण लाल दिसलं म्हणजे प्रदूषण, असं नाही. वेबसाइटवरचा ‘फॉल्स कलर’ हा रंगांचा पर्याय लावला की हिरवा पाला लाल दिसतो, कारण पानं परावर्तित करतात ते अवरक्त किरण तिथे लाल रंगात दाखवलेले असतात. मी पहिल्यांदा तो लावला तेव्हा मुळा-मुठा लालभडक! रसायन सोडलं म्हणून मित्राला फोनही केला. जलपर्णी होती ती. म्हणून लाल पट्टा आधी नेहमीच्या रंगांत तपासा. हाच ‘फॉल्स कलर’ नोरिल्स्कवर उन्हाळ्यात लावा आणि लाल कुठे विरळ होतो ते बघा. गंधकयुक्त धातुक वितळवताना सुटणाऱ्या सल्फर डायऑक्साइडने तिथलं जंगल मोठ्या पट्ट्यात वाळलं आहे.

चित्र जपताना फाइलच्या नावातच तारीख, उपग्रह आणि अक्षांश-रेखांश लिहा. सहा महिन्यांनी कुठली खाण कुठली, ते मला आठवत नाही, तुम्हालाही आठवणार नाही.