अँटिव्हायरसने फाइल अडवली तर : कार्यालयातील संगणकासाठी तयारीची यादी

शाळेच्या कार्यालयात, पतसंस्थेत किंवा गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांकडे बहुधा एकच संगणक असतो आणि पगारपत्रकांपासून सभासदांच्या यादीपर्यंत सगळे त्यातच असते. माहिती पाठवण्याच्या शेवटच्या दिवशी अशा संगणकावर धोका आढळल्याची सूचना आली, की समोरचा माणूस एकतर फाइलला परवानगी देऊन मोकळा होतो, नाहीतर घाबरून कामाची फाइल कायमची पुसून टाकतो. हे दोन्ही टाळायचे असेल तर निर्णयाची बरीचशी तयारी इशारा येण्यापूर्वीच करून ठेवायला हवी. ही यादी विंडोज आणि त्यात मुळातच असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर गृहीत धरून केली आहे. क्विक हील किंवा दुसरा कोणता अँटिव्हायरस असेल तर पडद्यावरची नावे बदलतील, कामाचा क्रम बदलणार नाही.

सर्वप्रथम बॅकअप पाहावा, कारण बॅकअप असलेला माणूसच इशाऱ्याकडे शांतपणे पाहू शकतो. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, हा जुना नियम आजही पुरेसा आहे. मात्र बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, कारण जोडलेली राहिली तर फाइली कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. संगणकावर सतत पहारा देणारा अँटिव्हायरस एकच असावा; दोन ठेवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, उलट ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. विंडोज १० साठीचा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा अँटिव्हायरसला रोज नवी माहिती मिळते म्हणून संगणक सुरक्षित आहे असे समजू नये. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी सेटिंग करून घ्यावी. ती नसेल तर ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल, जी कागदपत्र नसून चालणारा प्रोग्राम असते, पडद्यावर ‘बिल.पीडीएफ’ एवढीच दिसते आणि लोक नेमके तिथेच फसतात.

यानंतर एकदा सराव करावा, असा माझा आग्रह आहे. आयकार नावाची एक चाचणी-फाइल याचसाठी तयार केलेली आहे. तिच्यात ६८ अक्षरांची एक साधी ओळ असते, ती काहीही बिघडवत नाही, पण जवळपास सर्व अँटिव्हायरस तिला ठरवून धोका म्हणून पकडतात. ही फाइल आयकारच्या संकेतस्थळावरून घेतली, की आपल्या संगणकावर इशारा कुठे उमटतो, अडवलेली फाइल कुठे जाते आणि नोंद कुठे सापडते, हे कार्यालयातील प्रत्येकाला निवांतपणे दाखवता येते. फाइल उतरूनही काहीच घडले नाही, तर पहारा बंद आहे हेही त्याच दिवशी कळते.

आता प्रत्यक्ष इशारा आला आहे असे धरू. तो खरोखर अँटिव्हायरसचाच आहे का, हे आधी पाहावे. ब्राउझरच्या खिडकीत लाल पडदा, कर्कश आवाज आणि ‘या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असा मजकूर असेल, तर ती निव्वळ फसवणूक आहे. खरा अँटिव्हायरस इशाऱ्यात फोन क्रमांक देत नाही आणि संगणकाचा ताबा दूरवरून मागत नाही. अशी खिडकी टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करून घालवावी. खरा इशारा विंडोज सिक्युरिटीच्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त नोंदलेला सापडतो. तेथे धोक्याचे नाव, फाइलीचा पूर्ण पत्ता आणि झालेली कारवाई, अशा तीन गोष्टी असतात. त्यांचा लगेच फोटो काढून ठेवावा, कारण या नोंदी तेथे दोन आठवडेच दिसतात. फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अडवलेल्या फाइली वेगळ्या डांबून ठेवण्याच्या जागेत, गेली असेल तर घाई करण्याचे कारण उरत नाही. तेथून ती चालू शकत नाही आणि निर्दोष ठरल्यास परतही आणता येते, म्हणून ‘रिमूव्ह’ लगेच दाबू नये.

धोक्याचे नाव वाचायला शिकणे हा या यादीतील सर्वांत उपयोगाचा भाग आहे. ‘ट्रोजन:विन३२/वाकाटाक.बी!एमएल’ असे नाव दिसले, तर पहिला शब्द धोक्याचा प्रकार सांगतो, दुसरा तो कोणत्या यंत्रणेवर चालतो ते सांगतो, त्यानंतर घराणे आणि उपप्रकार येतो. शेवटच्या ‘एमएल’चा अर्थ असा, की मशीन लर्निंगने फाइलीच्या लक्षणांवरून हा संशय घेतला आहे. असा संशय बरोबर असू शकतो, पण खोटे इशारे याच जातीत अधिक निघतात, म्हणून पुढची पडताळणी केल्याशिवाय कोणताच निष्कर्ष काढू नये. नाव ‘व्हायरस’ने सुरू होत असेल तर बहुधा आपल्याच चांगल्या फाइलीला लागण झालेली असते, जुन्या एक्सेल तक्त्यांतील लॅरू हा मॅक्रो (तक्त्यात दडलेला छोटा प्रोग्राम) व्हायरस याचे उदाहरण आहे, आणि अशा वेळी अँटिव्हायरस बऱ्याचदा मॅक्रो काढून तक्ता वाचवू शकतो. कामाची फाइल असल्याचे सोंग घेणाऱ्या ट्रोजनमध्ये मात्र वाचवण्यासारखे काही नसते, कारण अख्खी फाइलच त्या कामासाठी बनवलेली असते. ‘हॅकटूल’ हे नाव सहसा चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर ते चालू करण्यासाठी आलेल्या किल्लीसाठी येते. फुकटात मिळालेले फॉन्ट किंवा ऑफिस बसवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असेल, तर त्या सॉफ्टवेअरचा नाद तिथेच सोडावा, असे मी अगदी निक्षून सांगेन.

इशारा खोटा असू शकतो, हे मान्यच आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही मूळ फाइलच व्हायरस समजून अडवली आणि अनेक देशांतील संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले. परंतु फाइल ओळखीच्या माणसाकडून आली, एवढ्यावरून इशारा खोटा ठरत नाही. त्या माणसाचा ईमेल दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. म्हणून त्याला फोन करावा आणि ही फाइल तूच पाठवलीस का, एवढे विचारावे. सॉफ्टवेअर असेल तर ते बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून पाहावे. सत्तरहून अधिक अँटिव्हायरसांचे मत एकत्र दाखवणाऱ्या व्हायरसटोटल या सेवेचाही उपयोग होतो, पण तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातील इतर संस्थांनाही उपलब्ध होते. आधार क्रमांक, पगार किंवा विद्यार्थ्यांची माहिती असलेली फाइल तेथे चढवणे म्हणजे ती आपल्या हातांनी बाहेर देणे होय. फाइल क्वारंटाइनच्या बाहेर, मूळ ईमेलमध्ये किंवा पाठवणाऱ्याकडे असेल, तर तिचा हॅश (फाइलीवरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा सांकेतिक क्रमांक) काढून केवळ तो शोधावा. हॅशवरून आतला मजकूर कोणालाही कळत नाही. तेथील एक-दोन अनोळखी इंजिनांनीच, म्हणजे अँटिव्हायरसांनीच, आक्षेप घेतला असेल तर खोट्या इशाऱ्याची शक्यता वाढते, अनेक नामवंत इंजिने एकाच घराण्याचे नाव घेत असतील तर त्या फाइलीचा नाद सोडावा.

फाइल उघडली होती का, हा प्रश्न त्यानंतर विचारावा आणि कर्मचाऱ्याला त्याचे खरे उत्तर निर्भयपणे देता यावे. रागावलेल्या साहेबासमोर लपवलेला एक क्लिक पुढे फार महागात पडतो. उघडली नसेल तर पूर्ण स्कॅन पुरेसा असतो. उघडली असेल तर इंटरनेट तोडावे, बॅकअपची डिस्क जोडू नये आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवावा. विंडोज सुरू होण्यापूर्वी चालणारा हा स्कॅन साधारण पंधरा मिनिटे घेतो. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत आणि सर्व ठिकाणचे लॉगिन रद्द करावेत, कारण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणे हेच अनेक ट्रोजनांचे काम असते. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. कंपन्यांना आणि शासकीय संस्थांना एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेला कळवाव्या लागतात, म्हणून तिचा ईमेल पत्ता आधीच भिंतीवर लावलेला असावा.

फाइल निर्दोष ठरली तरच ती परत आणावी, आणि सूट द्यायची तर त्या एका फाइलीला द्यावी. संपूर्ण ‘डाउनलोड्स’ फोल्डर तपासणीतून वगळणे हा घातक शॉर्टकट आहे. ‘अलाऊड थ्रेट्स’ची यादी अधूनमधून उघडून पाहावी, घाईत कोणीतरी दिलेली परवानगी तेथे तशीच पडून असते.

पेनड्राइव्हची तपासणी राहून जाते, ती विसरू नये. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर मूळ फोल्डर बहुधा आतच लपवलेले असतात आणि शॉर्टकटवर क्लिक केल्यास व्हायरस चालू होतो. काहीही न उघडता आधी पूर्ण पेनड्राइव्ह स्कॅन करावा, मग लपलेले फोल्डर दिसतील अशी सेटिंग करून कागदपत्रे बाहेर काढावीत, ड्राइव्ह फॉरमॅट करावा आणि दुकानदारालाही कळवावे, कारण त्याच्या संगणकावर दिवसभर इतरांचे पेनड्राइव्ह लागत असतात.