घोटा सारखा मुरगळतोय? आधी टाच मागून बघा

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. भरतीचा हंगाम आला की मुरगळलेल्या घोट्यांची रांग लागते. बहुतेकांचं लिगामेंट ताणलेलं असतं. बर्फ, क्रेप बँडेज, थोडी विश्रांती आणि नंतर तोल सांभाळायचे व्यायाम, एवढ्यावर काम भागतं. पण आठवी-नववीतलं मूल, तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतोय, तळवा सपाट आणि एक्स-रे ‘नॉर्मल’, असं दिसलं की मला वेगळाच संशय येतो, टार्सल कोएलिशनचा.

टार्सल कोएलिशन म्हणजे घोट्याखालची दोन हाडं एकमेकांना जोडलेली असणं. गर्भात ती पूर्ण सुटी व्हायची राहून जातात आणि मधे एक पूल उरतो. बहुतेक वेळा हा पूल टाचेचं हाड आणि नॅव्हिक्युलर (पावलाच्या आतल्या बाजूचं, कमानीच्या माथ्यावरचं छोटं हाड) यांच्यात, नाहीतर टाचेचं हाड आणि त्याच्यावर बसलेलं घोट्याचं हाड, टॅलस, यांच्यात असतो. लहानपणी तो कुर्चेचा, त्यामुळे लवतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. पहिल्या प्रकारात साधारण 8 ते 12 आणि दुसऱ्यात 12 ते 16 वर्षांच्या दरम्यान तो कडक व्हायला लागतो, तेव्हा पाय बोलायला लागतो. सपाट डांबरी रस्त्यावर फारसं जाणवत नाही. शेताच्या बांधावर, अजिंक्यताऱ्यावरून उतरताना मात्र ठणकतं, कारण खडबडीत जमिनीवर पाऊल आत-बाहेर झुकवणारा सांधाच अडकलेला असतो.

घरी काय बघायचं? मुलाला अनवाणी, पाठमोरं उभं करा आणि चवड्यांवर उठायला सांगा. निरोगी पायाची टाच वर जाताना आतल्या बाजूला वळते आणि तळव्याखाली कमान उमटते. पूल असलेल्या पायाची टाच बहुधा बाहेरच कललेली राहते, कमानही येत नाही. मग मुलाला खुर्चीवर बसवा, एका हातात नडगी आणि दुसऱ्या हातात टाच धरून टाच हळूच आत-बाहेर हलवा. अडकलेली टाच फारशी हलत नाही. दुसऱ्या पायाशी ताडून पाहा, मात्र निम्म्या मुलांना दोन्ही पायांत हा दोष असतो, तेव्हा शेजारच्या पोराचा पाय हाताशी असलेला बरा. (सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीतही सपाट तळव्याला चवड्यांवर उभं करूनच पाहतात. कमान परत आली, पाय लवचीक आणि न दुखणारा असला, तर पोरगं चालतं.)

एका मुलाला त्याची आज्जी घेऊन आली होती. “बाई, पोरगं कामचुकार हाय ओ, गवत काढाय सांगितलं की पाय दुखतोय म्हणतंय.” मी टाच धरून हलवली, तर टाच आणि नडगी एकच लाकूड असल्यासारखी सोबत हलली. पिंडरीच्या बाहेरचे स्नायू दोरीसारखे ताठ होते. आज्जींना मी त्यांचाच हात तिथं ठेवायला लावला. पुढचा कामचुकारपणाचा विषय तिथंच मिटला.

एवढ्यावर थांबायचं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. हाडवैद्याकडून सांधा ‘मोकळा’ करून घेऊ नका, जोरानं फिरवलं तर सूज वाढते. एक्स-रे उभं राहून काढायचा, आणि समोरून-बाजूनं अशा दोनच फिल्म्स पुरेशा नाहीत. टाच-नॅव्हिक्युलरचा पूल 45 अंशांच्या तिरक्या फिल्ममध्ये दिसतो, तीच बऱ्याचदा राहून जाते. टॅलसखालचा पूल साध्या फिल्ममध्ये लपतो. त्याला सीटी स्कॅन लागतो आणि तो दोन्ही पायांचा करून घ्यावा. पूल अजून कुर्चेचा असेल, तर एमआरआय. मात्र ताप, रात्री झोपमोड करणारी कळ, लालसर गरम सूज यांतलं काही असेल, तर कोएलिशन मनातून काढा आणि लगेच डॉक्टर गाठा. तिथं जंतुसंसर्ग किंवा गाठीचा विचार आधी करावा लागतो.

पूल सापडला पण दुखत नाही? मग काहीही करू नका, खरंच. दुखत असेल तर पहिला उपाय ऑपरेशन नव्हे. धावणं बंद, बुटात कमानीला आधार देणारा इनसोल, डॉक्टरांनी सांगितली तर वेदनाशामक गोळी, आणि त्यानं भागलं नाही तर गुडघ्याखाली चालायचं प्लास्टर, साधारण 3 ते 6 आठवडे. घरचे प्लास्टरला कुरकुरतात, पण बऱ्याच मुलांचं दुखणं त्यानं शमतं. प्लास्टर निघाल्यावर माझं काम सुरू होतं: पिंडरीची ताण-सूट, एका पायावर तोल. अडकलेला सांधा व्यायामानं सुटत नाही, तसं मी कुणाला सांगतही नाही.

तरीही कळ परत येत राहिली, तर शस्त्रक्रिया. पूल कापून काढतात आणि तो पुन्हा जुळू नये म्हणून मधे चरबी किंवा जवळचा स्नायू भरतात. सांधा झिजलेला नसेल आणि टॅलसखालच्या पुलानं सांध्याचा निम्म्याहून कमी भाग व्यापला असेल, तर याचा निकाल चांगला येतो. झीज पुढं गेली असेल, तर सांधा कायमचा जोडून टाकावा लागतो. म्हणून सर्जनला दोनच प्रश्न विचारा: पूल केवढा आहे आणि झीज आहे का? ऑपरेशननंतर पाय कधी टेकवायचा, मैदानावर कधी उतरायचं, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून आणा आणि तो कागद शाळेतल्या पीटीच्या सरांनाही दाखवा.