प्रथम वर्ष अभियांत्रिकीचा इंग्रजी वर्ग : सुरू करण्यापूर्वीची तयारी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या मुलांचे इंग्रजी सुधारावे म्हणून चौदा आठवड्यांचा वर्ग मी चालवला आणि तो फसला. मुले येत होती, शिकवणेही होत होते. पण पहिल्या आठवड्यात एकाही मुलाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे मला सुचले नाही, आणि पुढचे बहुतेक घोटाळे त्या एका विसरण्यातून झाले. यंदा हा वर्ग जे घेणार आहेत त्यांच्यासाठी ही यादी आहे. वेळ नसल्यास बाकीचे सोडावे, ध्वनिमुद्रणाचे तेवढे वाचावे.

सुरुवात वेळापत्रकापासून करावी, कारण ते एकदा छापून फलकावर लागले की कोणी बदलून देत नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंग्रजीला आठवड्याला दोन तास व्याख्यान, दोन तास प्रात्यक्षिक आणि ३ श्रेयांक आहेत. आपल्या विद्यापीठाचा आराखडा वेगळा असेल तर त्यातले तास पाहावेत. महत्त्वाचे आहे ते प्रात्यक्षिक. साठ जणांच्या तुकडीला एका तासात प्रत्येकी एक मिनिट बोलायला मिळते, तेही शिक्षक पूर्ण गप्प बसले तर. वीस जणांच्या गटाला दोन तासांत प्रत्येकी सहा मिनिटे येतात. ही सहा मिनिटे कोणालाही देऊ नयेत. गणिताचा जादा तास तर नेमका इथेच घुसतो. दिवसाचा शेवटचा तास घेऊ नये, कारण एस.टी.चा पास काढलेली मुले गाडीच्या वेळेला उठणारच, आणि ज्यांना या वर्गाची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यातली बरीचशी त्याच गाडीने जातात.

खोली, फळा, हजेरीपट यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. भाषा प्रयोगशाळेतील हेडफोन मात्र एकेक लावून पाहावेत. ऐकू येत असते, पण माइक मेलेला असतो. ते कळले नाही तर ध्वनिमुद्रणाच्या दिवशी वीस मुले रांगेत उभी आणि चालू माइक चार, अशी वेळ येते.

आता मुलांविषयी. महाराष्ट्रातील सर्व शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आपल्यासमोर बसलेल्या प्रत्येकाची या भाषेशी बारा वर्षांची ओळख आहे. त्याला मुळाक्षरांपासून धरणे हा त्याचा अपमान आहे आणि तो त्याला कळतो. दुसऱ्या बाजूला, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सेमी-इंग्रजी, मग सीबीएसई, असे तीनही थर एकाच बाकावर असतात. अकरावी-बारावीत विज्ञानाची पुस्तके इंग्रजी असली तरी ती पर्याय निवडण्यापुरती वाचलेली असतात. एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचे २०० गुण गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांत संपतात, इंग्रजीला त्यात जागाच नाही. बारावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० तोंडी असतात. त्या तोंडी गुणांवर विसंबून काहीही ठरवू नये, ते कसे दिले जातात हे आपण सर्व जाणतो.

मी गटही चुकीचे पाडले. पन्नास गुणांची व्याकरणाची लेखी चाचणी घेतली आणि गुणांच्या उतरत्या क्रमाने मुले वाटली. वरच्या गटात एक मुलगी आली जिला बाराही काळ तोंडपाठ होते आणि जिच्याकडून सहा आठवड्यांत ‘येस सर’पलीकडे शब्द निघाला नाही. सर्वांत खालच्या गटात लेण्यांजवळ दुकान असलेल्या घरातला एक मुलगा पडला; त्याला चाचणीत बारा गुण होते, आणि तो परदेशी पर्यटकांशी घासाघीस करीत वाढल्यामुळे मोडक्या पण न अडखळणाऱ्या इंग्रजीत कितीही वेळ बोलू शकत होता. त्याला मी रिकाम्या जागा भरायला लावल्या. दोघांचेही दोन मिनिटांचे बोलणे आधी ऐकले असते तर हे घडले नसते, म्हणून सांगतो : गट पाडण्यापूर्वी ध्वनिमुद्रण करावे. चाचणी नंतर घेतली तरी चालेल, अजिबात घेतली नाही तरी चालेल.

ध्वनिमुद्रणात काय बोलायला सांगावे हे नीट ठरवून ठेवावे. ‘स्वतःची ओळख करून द्या’ असे चुकूनही सांगू नये. ‘मायसेल्फ अमुक, आय अ‍ॅम फ्रॉम तमुक, माय फादर इज फार्मर, माय हॉबीज आर क्रिकेट अँड लिसनिंग म्युझिक’ हे प्रत्येकाने कधीतरी घोकलेले असते. ते धडधडीत येते आणि ‘थँक यू’नंतर मुलगा पुन्हा मुका होतो. त्याऐवजी तीन गोष्टी द्याव्यात. महाविद्यालयाच्या फाटकापासून कर्मशाळेपर्यंतचा रस्ता नवख्याला सांगणे. घरातली एखादी बिघडलेली वस्तू कशी दुरुस्त झाली ते सांगणे. आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील एका सूत्रासह पाच ओळी मोठ्याने वाचणे. तिसऱ्या कामात जे दिसते ते लेखी परीक्षेत कधीच दिसत नाही. व्हर्नियर या मोजमापाच्या उपकरणाचे लघुतम माप ०.०१ सेंमी हे मुलगा अचूक लिहितो, पण वाचताना ‘झिरो पॉइंट’पर्यंत येऊन थांबतो, ओठांतल्या ओठांत मराठीत आकडा म्हणतो आणि मग पुढे जातो. दहाचा उणे तिसरा घात आला की ओळच गाळतो. विचार करायला अर्धा मिनिट द्यावे, त्याहून अधिक देऊ नये, नाहीतर कागदावर लिहून वाचतात.

ही नोंद पहिल्याच आठवड्यात व्हावी. एआयसीटीईच्या नवागतांसाठीच्या तीन आठवड्यांच्या इंडक्शन कार्यक्रमात इंग्रजीत मागे असलेल्यांसाठी वेळ राखण्याची सोय आहेच. भाषणे आणि सत्कार यांतून तो वेळ ओढून घ्यावा. फाइलीला हजेरी क्रमांकाचे नाव देऊ नये, कारण तात्पुरते क्रमांक तुकड्या अंतिम झाल्यावर बदलतात आणि कोणाचा आवाज कोणाचा हे देवालाही सांगता येत नाही. प्रवेश अर्जाचा क्रमांक वापरावा. केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) शेवटच्या फेरीतून किंवा संस्था स्तरावरील जागांवर उशिरा येणाऱ्या मुलांचे ध्वनिमुद्रण ती आली त्याच दिवशी करावे. ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हटले की ते होत नाही.

संमती लेखी घ्यावी. आवाज फक्त तो विद्यार्थी आणि शिक्षक ऐकतील हे सांगावे आणि पाळावे. वर्गात ‘उदाहरण म्हणून’ एकही फाइल वाजवू नये. एकदा हसू झाले की तो मुलगा वर्षभर तोंड उघडत नाही. फाइली शिक्षकाच्या फोनमध्ये ठेवू नयेत, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच मागवू नयेत.

एवढा त्रास कशासाठी, असे सहकारी विचारतील. माझे उत्तर एका दुपारचे आहे. डिसेंबरात, अकराव्या आठवड्यात, एक मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘सर, मी वर्ग सोडतो, माझ्यात काही फरक पडत नाही.’ हे तो इंग्रजीत म्हणाला, चार पूर्ण वाक्यांत, ‘बट’ आणि ‘बिकॉज’ जागच्या जागी वापरून. ऑगस्टमध्ये त्याला पाणी कुठे मिळते हे विचारता आले नव्हते. मला ते आठवत होते, त्याला नव्हते, आणि त्याच्या हातात ठेवायला माझ्याकडे काहीही नव्हते. तो गेला. मार्चमध्ये प्राचार्यांनी वर्गाचा परिणाम विचारला तेव्हा मी व्याकरणाच्या दोन चाचण्यांचे गुण पुढे केले, जे जवळपास सारखेच होते.

शिकवण्याच्या साहित्याविषयी थोडेच. बाजारातली ‘तीस दिवसांत’ छापाची पुस्तके घेऊ नयेत. मुलांच्या चुका मराठीच्या घडणीतून येतात, त्यांवर नेमके काम करावे. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना मराठीत समांतर काही नाही, म्हणून ती गळतात. ‘तू कुठे चाललास?’ यात शब्दांची जागा विधानासारखीच राहते, म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग’ होते. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून नाम असलेला ‘रेकॉर्ड’ आणि क्रियापद असलेला ‘रेकॉर्ड’ एकाच सुरात येतात. पाठ्यवस्तू त्यांच्याच जर्नलमधून काढावी : कर्मशाळेतील फिटिंगच्या जॉबची कृती सांगणे, प्रयोगातील चूक कुठे झाली ते सांगणे, शिक्षकाला न समजलेली एक गोष्ट विचारणे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड जाते, त्याला दोन आठवडे द्यावेत. चुका बोलणे संपल्यावर सांगाव्यात, मध्ये तोडू नये. मराठीत एखादे वाक्य आले तर दंड करण्याचा मूर्खपणा करू नये. तो मी केला आहे, मुले मराठीही बोलेनाशी होतात.

सातव्या आठवड्यात तीच तीन कामे देऊन दुसरे ध्वनिमुद्रण. गट तेव्हा बदलावेत. विद्यापीठाच्या परीक्षेआधीचे दोन आठवडे रिकामे धरावेत, कोणी येत नाही. तेराव्यात तिसरे ध्वनिमुद्रण. मग प्रत्येकाला दहा मिनिटे बोलावून, इअरफोन देऊन, पहिले आणि शेवटचे लागोपाठ ऐकवावे आणि आपण काही बोलू नये. अहवाल दोन पानांचा पुरे. फाइली वर्षाअखेरीस पुसाव्यात. पुसण्याआधी ज्याची त्याला प्रत द्यावी आणि वहीत सही घ्यावी.