हा मणका फिरत का नाही?

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी अॅनाटॉमीच्या व्हायव्हाला माझ्या हातात कमरेचा एक मणका आला. तो मी लगेच ओळखला. बॉडी म्हणजे पुढचा जाड भाग मोठा, मागचा काटा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा, बरगडी टेकायची खूण कुठेच नाही. कोणते स्नायू कुठे जोडले जातात तेही घडाघडा सांगितलं. मग मॅडमनी विचारलं, "हा मणका फिरत का नाही?" मी गप्प. फिरत नाही हेच मला माहीत नव्हतं.

नव्याने शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग मी सांगते, कारण आपण बहुतेकजण कणा मोजायला शिकतो. मानेचे 7, छातीचे 12, कमरेचे 5, त्रिकास्थीचे जुळलेले 5, माकडहाडाचे साधारण 4, एकूण 33. हे दोन दिवसांत पाठ होतं. पण हाडाचा आकार पाहून "याला कुठे जाता येईल?" हे विचारायची सवय लागायला मला पुढचं अख्खं वर्ष लागलं.

सुरुवात फॅसेट जॉइंटपासून करा, म्हणजे शेजारचे दोन मणके मागच्या बाजूला जिथे एकमेकांना टेकतात त्या छोट्या सांध्यांपासून. बोन सेटमधले, म्हणजे अभ्यासाच्या हाडांच्या संचातले, शेजारचे दोन मणके घ्या, एकावर एक बसवा आणि हलवून पाहा. दोन्ही मणके एकाच सांगाड्याचे आहेत ना, ते आधी बघा. आमच्या हॉस्टेलवर तीन सेटमधली हाडं मिसळली होती आणि सांधे जुळत नाहीत म्हणून मी कित्येक संध्याकाळी स्वतःलाच दोष देत बसले होते.

मानेच्या खालच्या मणक्यांचे फॅसेट मंगलोरी कौलांसारखे उतरते असतात, साधारण 45 अंशांत. कौलावर कौल सरकावं तसे ते पुढे, मागे आणि बाजूला सरकतात, म्हणून मान एवढी मोकळी. छातीत तेच सांधे जवळजवळ उभे होतात आणि त्यांची तोंडं पुढे-मागे असतात. नुसते सांधे पाहिले तर इथे फिरायला भरपूर वाव आहे, पण बरगड्यांचा पिंजरा सगळं आवरून धरतो. कमरेत आलं की फॅसेट आत-बाहेर तोंड करून उभे राहतात, खाचेत बसवलेल्या ड्रॉवरसारखे. ड्रॉवर पुढे-मागे सहज जातो. पिळायला गेलं की खाचेच्या भिंतीला अडतो. कमरेच्या एका सांध्यात एका बाजूला जेमतेम एक-दोन अंश फिरणं मिळतं. आपण "कंबर वळवली" म्हणतो तेव्हा वळतात ते मुख्यतः खुबे आणि छाती. मॅडमना हवं होतं ते उत्तर एवढंच होतं.

आणखी खाली, कमरेचा पाचवा मणका त्रिकास्थीवर बसतो तिथे फॅसेट पुन्हा पुढे-मागे तोंड करू लागतात. उतारावर बसलेला हा मणका पुढे घसरू नये, म्हणून ही रचना. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हाड हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले होते.

मानेचे वरचे दोन मणके मात्र वेगळे काढून शिका. इतर मणक्यांमध्ये असते तशी गादी (डिस्क) त्यांच्यामध्ये नाही, दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या खुंटीभोवती पहिला फिरतो. मानेचं जवळजवळ निम्मं फिरणं या एकाच जागी होतं. मैत्रिणीला पाठीवर झोपवा, हनुवटी पूर्ण छातीकडे न्या आणि डोकं हळू वळवा. खालची मान अशा वेळी अडकलेली असते, त्यामुळे जे वळतं ते बहुतांशी या दोघांचंच. निरोगी माणसात दोन्हीकडे चाळीसेक अंश मिळतात. दुखऱ्या किंवा अपघात झालेल्या मानेवर शिकाऊ हाताने हे करू नका.

हात बसवायचा तर रूममेटच्या पाठीइतकं चांगलं पुस्तक नाही. मान खाली घातल्यावर सगळ्यात ठळक लागतो तो बहुधा मानेचा सातवा. खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक छातीच्या सातव्याच्या आसपास. कमरेवर दोन्ही हात ठेवले की हाडांच्या कडांना जोडणारी रेष कमरेच्या चौथ्या मणक्याजवळ येते. आम्ही रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं पेनने खुणा करायचो, आणि पहिला महिनाभर एक-दोन मणके चुकायचोच.

गादीचं म्हणाल तर तिच्या बाहेरच्या कड्यात तंतूंचे थरावर थर असतात आणि प्रत्येक थराचे धागे शेजारच्या थराच्या उलट दिशेने तिरके जातात, सुंभाच्या खाटेच्या विणीसारखे. कणा पिळला की निम्मे थर ताणले जातात आणि निम्मे सैल पडतात. म्हणजे पिळासमोर गादी निम्म्या बळानेच उभी असते. ही ओळ अधोरेखित करून ठेवा, पुढे लागेल. गादीला मोठ्या वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. रात्री आडवं झाल्यावर ती पाणी ओढून फुगते, दिवसा दबते. हॉस्टेलच्या भिंतीवर पेन्सिलने आम्ही सकाळ-संध्याकाळची उंची मोजली होती. फरक सेंटीमीटरहून थोडा जास्त निघाला.

गादीतल्या दाबाचे आकडेही शिकवले जातात. स्वीडनच्या नाकेमसन यांनी 1960च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला. 1999 मध्ये जर्मनीच्या विल्के यांच्या गटाने पुन्हा मोजला: उभं असताना 0.5 मेगापास्कल (हे दाबाचं एकक), झोपल्यावर 0.1, पाठ वाकवून 20 किलो उचलताना 2.3, गुडघे वाकवून 1.7, आणि तेच वजन अंगालगत धरलं तर 1.1. हा दुसरा अभ्यास एकाच स्वयंसेवकावर झाला होता, हे आकड्यांसोबतच लक्षात ठेवा. सैल बसण्याचा दाब त्यात उभं राहण्यापेक्षा किंचित कमी आला; नाकेमसन यांच्या मोजणीत तो जास्त होता.

क्लिनिकल पोस्टिंगला गेलात की नवी भाषा ऐकाल. "मणक्यात गॅप पडलाय", "नस दबलीय", "उसण भरली". एक्स-रेत गादी दिसत नाही. दोन मणक्यांमध्ये जी मोकळी जागा दिसते तीच गादी. ती थोडी कमी-जास्त दिसली म्हणून कणा तुटत नाही. दुखणं नसलेल्या विशीतल्या लोकांमध्येही एमआरआयवर सुमारे 37 टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात, ऐंशीच्या घरात 96 टक्के. एक मावशी "गॅप"च्या भीतीने दोन वर्षं खाली बसल्याच नव्हत्या. ही भीती काढणं व्यायामाइतकंच आपलं काम आहे असं मी मानते. मात्र लघवी अडकणं किंवा सुटणं, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातलं बळ भराभर जाणं, यातलं काहीही ऐकलंत तर व्यायाम थांबवून त्याच तासाला वरिष्ठांकडे न्या.

इंटर्नशिपमध्ये मार्केट यार्डातले एक काका आले. तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेली. म्हणाले, "वजनानं काही होत नाही ताई, ट्रकातून पोतं ओढताना दुखतं." मी त्यांना रिकाम्या खोक्यावर ते करून दाखवायला सांगितलं. पाय होते तिथेच रोवलेले, कंबर वाकलेली, आणि त्याच वाकलेल्या कमरेवर पोतं डावीकडून उजवीकडे. वाकलं की फॅसेट थोडे उघडतात, खाचेची भिंत सैल पडते, आणि पिळ येतो तो निम्म्या बळावर उभ्या असलेल्या गादीवर. मी व्यायाम दिले, थोडे दिवस ओझं कमी करायला सांगितलं, आणि एक गोष्ट पंधरा वेळा करून घेतली: पोतं छातीशी आलं की आधी पाय वळवायचे.

तिसऱ्या आठवड्यात काका आले ते पाय वळवूनच खुर्चीत बसले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आता सवयच झाली. गाडीवरच्या पोरांनापण शिकवलंय."