जुन्या पदकाची कड आधी बघा

पहिल्या महायुद्धातलं चांदीचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ विकत घेताना खरी अडचण नकली पदकाची कमी, मूळ शिपायाचं नाव काढून दुसरं घातलेल्या पदकाची जास्त. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, उदाहरणार्थ 110 मराठा, कडेवर असते.

1. भिंगातून कड बघा. अक्षरं ठशाने दाबलेली हवीत. सुईने कोरल्यासारखी दिसली तर थांबा.
2. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) व्यास तीन-चार दिशांनी मोजा. तो साधारण 36 मिमी हवा. जुनं नाव कानशीने घासून काढलं असेल तर तिथे माप कमी भरतं. एका शिपायाचं नावच पुसलेलं असं पदक स्वस्तातही घेऊ नये.

चिंच किंवा पितांबरी लावून पदक चकचकीत करू नका. अक्षरं झिजतात आणि किंमतही उतरते.